पसंतीचा वेबकॅम व माईक : रिमोट डेस्कटॉपमधील निवड

आपल्या जवळच्या संगणकाला जोडलेल्या अनेक कॅमेऱ्यांपैकी व माईकांपैकी कोणता रिमोट डेस्कटॉपच्या (दूरचा संगणक जवळच्या संगणकावरून चालवण्याच्या) सत्रात पोचवायचा, हे आधी ठरवून ठेवण्याची पद्धत. नागपुरात मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कार्यालयांचे काम घरून करणाऱ्यांच्या टेबलावर लॅपटॉपचा अंगचा कॅमेरा, वर अडकवलेला यूएसबी कॅमेरा आणि ब्लूटूथ हेडसेट एकाच वेळी असतात. माईकची निवड सहसा जवळच्या संगणकावर होते. ती दूरच्या संगणकात शोधत बसणे हेच बहुतेक अडचणींचे मूळ आहे.

उगम : ही कल्पना रिमोट डेस्कटॉपसोबत जन्मली असा समज आढळतो, पण तो फारसा टिकत नाही. विंडोज ९५ च्या मल्टिमीडिया सेटिंगमध्येच आवाज ऐकण्यासाठी व नोंदवण्यासाठी ‘प्रिफर्ड डिव्हाइस’ निवडता येत असे. व्हिस्टापासून (२००६-०७) सर्वसाधारण वापर, मल्टिमीडिया आणि संभाषण अशा वेगळ्या भूमिका आल्या. त्यामुळे एकाच संगणकात ‘डीफॉल्ट’ माईक एक आणि संभाषणाचा डीफॉल्ट माईक दुसरा असू शकतो. मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीसोबत आला. माईक मात्र विंडोज ७ च्या काळात (२००९) सत्रात पोचला आणि कॅमेऱ्याची स्वतंत्र सोय त्यानंतरची. होरायझन या दुसऱ्या रिमोट डेस्कटॉप प्रणालीतील ‘रिअल-टाइम ऑडिओ-व्हिडिओ’ (कॅमेरा व माईक सत्रात पोचवणारी सोय) साधारण २०१३ च्या सुमारास आले. तेव्हा होरायझन व्हीएमवेअर कंपनीचे होते; २०२४ पासून ते ऑम्निसा या नावाखाली आहे. रिमोट डेस्कटॉपने जुनी निवड उसनी घेतली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्वतंत्र सोय का लागली : अख्खे यूएसबी उपकरण सत्रात पाठवता येते, पण कॅमेऱ्याला ते मानवत नाही. ६४० × ४८० चित्रबिंदू, प्रत्येकी २ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली तर सेकंदाला १,८४,३२,००० बाइट, म्हणजे सुमारे १४७ मेगाबिट होतात. शिवाय कॅमेरे सहसा यूएसबीचे ज्या प्रकारचे वहन वापरतात, त्यात हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. म्हणून चित्र जवळच्या संगणकावरच आवळून मग पाठवतात. होरायझनमध्ये काही न बदलल्यास चित्र ३२० × २४० चे राहते; धूसर दिसले की दोष कॅमेऱ्याला देण्याआधी हे पाहावे.

कृती : विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये ‘शो ऑप्शन्स’, ‘लोकल रिसोर्सेस’, मग रिमोट ऑडिओखालील ‘सेटिंग्ज’ उघडून ‘रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर’ निवडावे. ‘लोकल रिसोर्सेस’च्याच पानावर ‘मोअर’ दाबल्यावर व्हिडिओ कॅप्चर साधनांपैकी हव्या त्या कॅमेऱ्यावर खूण करता येते. सत्रात माईक ‘रिमोट ऑडिओ’ या एकाच नावाने दिसतो. त्यामागे जवळच्या संगणकाचा डीफॉल्ट माईक असतो. म्हणून साउंड सेटिंगच्या ‘रेकॉर्डिंग’मध्ये दोन्ही डीफॉल्ट एकाच माईकला द्यावेत आणि मगच सत्र जोडावे. होरायझन क्लायंटच्या (जवळच्या संगणकावरील ॲपच्या) सेटिंगमध्ये पसंतीचा वेबकॅम व माईक यांसाठी दोन वेगळ्या याद्या आहेत. सिट्रिक्स या आणखी एका रिमोट डेस्कटॉप प्रणालीत ‘माइक अँड वेबकॅम’ हे पान आहे.

बिघाड : पसंतीचे साधन सापडले नाही तर होरायझन दुसरे उपलब्ध साधन घेते. मे महिन्यात हेडसेटची बॅटरी संपली की लॅपटॉपचा माईक सुरू होतो आणि पलीकडच्याला बोलण्याऐवजी कूलरची घरघर ऐकू जाते. तोंडापासून ५ सेंमीवरचा माईक ५० सेंमीवरच्या माईकपेक्षा बोलणे सुमारे २० डेसिबल अधिक जोरात पकडतो; खिडकीतला कूलर मात्र दोघांनाही जवळजवळ सारखाच ऐकू येतो. म्हणूनच नागपूरच्या उन्हाळ्यात महागड्या माईकपेक्षा तोंडाजवळचा तारेचा हेडसेट बरा. ब्लूटूथ हेडसेटचा माईक सुरू झाला की बहुधा ऐकण्याचा आवाजही एकपदरी (मोनो) व कोता होतो.

दुसरा नेहमीचा घोळ यूएसबी पोर्टचा. ज्या कॅमेऱ्यात अनुक्रमांक नसतो, त्याची ओळख विंडोज पोर्टवरून ठेवते. पोर्ट बदलला की तोच कॅमेरा नवा ठरतो आणि साठवलेली पसंती निसटते. कॅमेऱ्याचा पोर्ट खुणेची चिकटपट्टी लावून कायम ठेवावा. वीज जाऊन इन्व्हर्टरवर येताना वेगळ्या विजेवर चालणारा यूएसबी हब क्षणभर बंद पडला, तर त्यावरची साधने सुटून पुन्हा जोडली जातात. अशा वेळी पसंती पुन्हा तपासून सत्र नव्याने जोडावे.

माईक अजिबात पोचत नसेल तर दूरचा संगणक विंडोज सर्व्हर आहे का ते विचारावे. सर्व्हरवर माईक पाठवण्याची परवानगी मुळात बंद असते. ती ग्रुप पॉलिसीतील ‘अलाउ ऑडिओ रेकॉर्डिंग रीडायरेक्शन’ने प्रशासकच देऊ शकतो. प्रायव्हसी सेटिंगमधील कॅमेरा व माईकची परवानगी दोन्ही संगणकांवर पाहावी लागते. जवळच्या संगणकावर दुसरे बैठकीचे ॲप उघडे राहून कॅमेरा अडवून बसले असेल, तर सत्रात फक्त काळी चौकट दिसू शकते.

मॅक व लिनक्स : होरायझनमध्ये लिनक्सवर पसंती सेटिंगच्या फाइलमध्ये साधनाची ओळख लिहून ठरवता येते आणि मॅकवर टर्मिनलच्या आज्ञेने. ही ओळख हुबेहूब लिहावी लागते.