पाडव्याचं साल आणि 90 दिवसांची नोटीस

माझा आतेभाऊ दारव्ह्याकडच्या एका खेड्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. गेल्या हिवाळ्यात त्याने दुसरीकडे मुलाखती द्यायला सुरुवात केली, तेव्हा घरच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याने, त्याला विचारलं, "आमचं साल पाडव्याले बदलते. तुमचं कवा बदलते भाऊ?"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. हातातलं काम सुरू ठेवून पुढचं बघायची रीत इथे संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. सालदाराचं साल गुढीपाडव्याला भरतं, पण होळीपासूनच दुसऱ्या मालकाचे निरोप यायला लागतात. बैलांना पाणी इथे पाजायचं आणि बोलणी तिथे करायची, यात कोणाला लपवाछपवी वाटत नाही. अडतं ते उचलीपाशी, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेल्या पैशापाशी. घेतलेली उचल फिटली नसेल तर साल भरलं तरी पाय निघत नाही. कर्जापोटी माणसाला असं बांधून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवलं, ते असो.

नोकरदाराची गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावं म्हणून 1945 मध्ये सरकारने रोजगार कार्यालयं काढली. पुढे तिथलं नाव नोंदवल्याचं कार्ड घराघरात आलं, पण ते मुख्यतः बेकारांसाठी. सरकारी खात्यात असलेल्याला दुसरी जागा हवी असेल तर अर्ज 'योग्य मार्गाने', म्हणजे साहेबाच्या सहीने जायचा. शोध उघड असे, मात्र परवानगीचा. साहेबाने कागद दाबून ठेवला की मुदत टळली.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगाव, बडनेरा, पुसद, सेवाग्राम इथे महाविद्यालयं उभी राहिली. कापसाच्या पैशावर पोरं इंजिनियर झाली, पण त्यांना सामावून घेणारं काम जवळपास नव्हतं. 1991 नंतर सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या त्या पुण्या-बंगळुरात. पोरं ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून तिकडे गेली. पहिल्या नोकरीत बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, लिहून द्यायचा, कुठे कुठे तर मूळ मार्कशीटही कंपनीच्या कपाटात. सालदाराच्या उचलीचीच ही शिकलेली बहीण, असं मला तरी वाटतं.

दुसरी नोकरी बघायची तर रविवारच्या पेपरातल्या जाहिराती. त्या कोण वाचतं, हे नौकरी डॉट कॉमचे संस्थापक संजीव बिखचंदानी यांनी आधीच्या नोकरीत टिपलं होतं. ऑफिसात 'बिझनेस इंडिया' आलं की सहकारी ते मागच्या बाजूने उघडत, कारण मागे नोकऱ्यांच्या जाहिराती. नोकरी सोडायचा विचार नसलेलेही वाचत. 1997 मध्ये सुरू झालेल्या त्या संकेतस्थळामागे हे निरीक्षण होतं. 2003 मध्ये नोकरी-धंद्याच्या ओळखींचं संकेतस्थळ लिंक्डइन आलं. पुढे आपल्याच कंपनीच्या भरती विभागाला आपण दिसू नये, अशी सोयही अशा ठिकाणी झाली. शोध पुरता चोरटा झाला.

कंपन्यांनी त्यावर दार अरुंद केलं. राजीनामा दिल्यावर काम करत राहायची नोटीस पूर्वी महिनाभराची असे, ती पुष्कळ ठिकाणी 90 दिवसांवर गेली. आता नव्या कंपनीचा पहिलाच प्रश्न 'कधी येऊ शकाल?' हा असतो, आणि तीन महिने म्हटलं की अर्ध्या जागा तिथेच हुकतात.

कायदा काय म्हणतो? 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 सांगतं, की कोणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणून नोकरी सुटल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायला सहसा आडकाठी करता येत नाही. नोकरीत असतानाची बंधनं मात्र टिकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच सांगितलं. मे 2025 मध्ये त्याच न्यायालयाने विजया बँकेचा 2 लाखांचा बाँडही वैध ठरवला. मुलाखत देणं वेगळं आणि लपून दुसऱ्याचं काम करणं वेगळं. विप्रोने 2022 मध्ये 300 जणांना काढलं ते दुसऱ्या प्रकारासाठी. 2014 पासून पीएफला सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच क्रमांक (यूएएन) असल्याने दोन ठिकाणी पीएफ भरला गेला की तारखा उघड्या पडतात.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली. त्याच नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने नियम सैल केल्याने घरून काम करवून घेणं कंपन्यांना सोपं झालं, आणि काही जण गावातच राहिले. ऑफिसात मुलाखतीसाठी जिना नाहीतर पार्किंग गाठावं लागायचं, घरी तो त्रास नाही. आतेभाऊ कापूस भरलेल्या खोलीत बसतो. छतापर्यंत रचलेला कापूस आवाज घुमू देत नाही. अंगाला खाज सुटते तेवढी, ती कॅमेऱ्यात दिसू न देता सोसायची.

राहता राहिली शेजारची पिठाची चक्की. तिचा पट्टा सुरू झाला की समोरच्याला काही ऐकू जात नाही. म्हणून त्याने चक्कीवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी तासभर चक्की बंद ठेवली आणि दळण घेऊन आलेल्या प्रत्येकीला कारणही सांगितलं. दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली विचारत होती, "काय झालं रे तुह्या विंटरव्ह्यूचं?" कंपनीला पत्ता नव्हता.