अनाईमुडीच्या माथ्यावरचा तांबडा बेडूक

दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे केरळातलं अनाईमुडी, उंची २,६९५ मीटर. वरती वारा, धुकं आणि गुडघाभर गवत. हिवाळ्यात या भागात दवही गोठतं. अशा ठिकाणी एक शेंदरी-तांबडा बेडूक राहतो, शास्त्रीय नाव राओर्चेस्टेस रेस्प्लेंडेन्स. बेडकांचे अभ्यासक डॉ. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१० साली नवी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या चमूत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचे हेही होते.

हा बेडूक आहे वृक्षबेडकांच्या कुळातला. याचे भाऊबंद फांद्यांवर राहतात, लांबलचक पायांनी उड्या मारतात. पश्चिम घाटातला उडता बेडूक तर पायांचे पडदे पसरून झाडावरून तरंगत खाली येतो. अनाईमुडीच्या माथ्यावर मात्र झाडंच नाहीत. म्हणून हा भुईवर उतरला. पाय आखूड, चाल रांगती, आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या त्या देहावर पाठीपासून पायांपर्यंत ग्रंथींचे ठळक फुगवटे.

मला सर्वांत थक्क करते ती त्याची वीण. बेडूक म्हटलं की डबकं आणि त्यात वळवळणारे टॅडपोल आलेच, असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण या डोंगरमाथ्याच्या उतारावर पाणी साचून राहील याचा भरवसा नाही. या बेडकाची अंडी दाट ठोंबांच्या बुडाशी, ओलसर सावलीत असतात. टॅडपोलची सगळी अवस्था अंड्याच्या आतच, बलकावर पोसली जाऊन उरकते. बाहेर येतो तो चार पायांचा, इवलासा पण पुरता बेडूक!

डबक्याची गरज संपली, ओलाव्याची नाही. अंड्याला कवच नसतं, भोवती नुसता जेलीसारखा थर. हवा कोरडी पडली तर अंडं सुकतं. धुकं आणि गवताचा ओलावा हेच त्याचं तळं. म्हणूनच वणवा आणि वाढतं तापमान या जिवाला फार महाग पडू शकतात. खालच्या उतारावरचे प्राणी उष्मा वाढला की वर सरकू शकतात; हा आधीच माथ्यावर आहे.

वर्णन झालं तेव्हा त्याचा ज्ञात अधिवास तीन चौरस किलोमीटरही नव्हता, आणि त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. शिखर एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात येतं. मुन्नारला जाणारे पर्यटक राजमला या उद्यानाच्या खुल्या भागापर्यंतच जाऊ शकतात, माथा त्यांच्यासाठी बंद आहे. तो तसाच बंद राहावा, असं मला मनापासून वाटतं.