पहिलं पिस्तूल घेताना: आधी हात, मग खिसा

पहिलं पिस्तूल घ्यायला आलेलं माणूस आमच्या दुकानाच्या काउंटरवर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बोट ठेवतं: सगळ्यात लहान आणि सगळ्यात हलक्या पिस्तुलावर. लहान आहे तर हाताला सोपं जाईल, शिवाय थोडं स्वस्तही पडेल, असा साधा हिशेब असतो. तो चुकतो, म्हणून हे पत्रक. नेमबाजी शिकायला, सरावाला पहिलं पिस्तूल घेणाऱ्यांसाठी ते लिहिलं आहे.

परवान्याचं आधीच सांगतो. परवाना हातात नसेल तर बघायला, विचारायला जरूर या. पण विक्री परवाना पाहिल्याशिवाय होत नाही. कोणतं बोअर (म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) चालतं, किती काडतुसं बाळगता येतात, हे तुम्ही राहता तिथला कायदा ठरवतो. तिथली यादी आधी पाहा आणि मगच पसंतीला लागा. मनात भरलेलं पिस्तूल परवान्यात बसत नाही म्हटल्यावर होणारा हिरमोड आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

हलकं पिस्तूल जास्त का मारतं

गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येतं. किती जोरात येतं, हे त्याच्या वजनावर ठरतं. ९ मिमीची नेहमीची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगानं सुटते. हीच गोळी ९०० ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडा आणि मग ५०० ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडा. हलकं पिस्तूल जवळजवळ पावणेदोन पट वेगानं मागे येतं, आणि हातात येणारी ऊर्जाही तितक्याच पटीनं वाढते. त्यात लहान पिस्तुलाची मूठ आखूड. करंगळीला जागाच नसते, ती हवेत लोंबकळते, आणि सगळा धक्का अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीत एका अरुंद पट्टीवर येतो. पहिल्या पाच फैरींत काही वाटत नाही. विसाव्या फैरीला हात आवाजाच्या आधीच आकसायला लागतो, चाप ओढायच्या क्षणी नळी खाली झुकते आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने लागतात.

नेमाचंही तसंच. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर १०० मिमी असेल आणि नेम धरताना १ मिमीची चूक झाली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर भरकटते. तेच अंतर १६० मिमी असेल तर सहा सेंटिमीटरच्या थोडं वर. खिशात मावणारं पिस्तूल हे मुरलेल्या हाताचं काम आहे. शिकणाऱ्यानं पूर्ण आकाराचं, नाहीतर त्याच्या खालोखाल मध्यम आकाराचं घ्यावं.

हाताला बसतं का, हे कसं पाहायचं

आमचा माणूस पिस्तूल रिकामं करून, मॅगझिन (काडतुसांचा खण) काढून, चेंबर (काडतूस बसायची नळीमागची जागा) उघडून दाखवेल. त्यानं दाखवलं तरी हातात आल्यावर तुम्ही स्वतः पुन्हा पाहा. याचं कुणाला वाईट वाटत नाही. न पाहिलेलं मात्र आम्हाला खटकतं. नळी कायम सुरक्षित दिशेला आणि बोट चापाच्या बाहेर.

आता मूठ धरा. बेचकी मुठीच्या वरच्या टोकाला घट्ट टेकली पाहिजे, आणि नळी तुमच्या कोपरापासूनच्या हाताच्या सरळ रेषेत आली पाहिजे. अशी पकड न सोडता तर्जनी चापावर न्या. पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सपाट बसला, तर माप जुळलं. फक्त टोक पोचत असेल तर मूठ जाड आहे. अशा वेळी माणसं नकळत मनगट वळवून बोट पोचवतात, आणि धक्का मग अंगठ्याच्या सांध्यात जातो. बोट पेराच्याही पलीकडे आत जात असेल तर मूठ बारीक आहे. हल्ली बऱ्याच पिस्तुलांसोबत मुठीच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या कमीजास्त जाडीच्या पट्ट्या मिळतात. त्या बदलून पाहिल्याशिवाय 'हे मला बसत नाही' असं म्हणू नका.

आणखी एक परीक्षा आम्हाला आवडते. समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे बघा, डोळे मिटा, रिकामं पिस्तूल तिच्या दिशेनं उचला आणि डोळे उघडा. दोन्ही साइट खुणेच्या जवळपास एका रेषेत दिसल्या तर ते पिस्तूल तुमचं आहे. दर वेळी डावीकडे किंवा वर पाहत असेल तर दुसरं घ्या, मग हे कितीही देखणं असो.

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढताना पुष्कळांची दमछाक होते आणि लाज वाटून ती माणसं गप्प बसतात. यात लाजण्यासारखं काही नाही. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर. एका हातानं स्लाइड वरून पकडून स्थिर ठेवा आणि मूठ धरलेला हात पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलायला जोर जास्त मिळतो. बाहेरून दिसणारा हॅमर (घोडा) असेल तर तो आधी मागे चढवला की स्लाइड हलकी जाते. गंमत अशी की .३८० बोअरची बरीच छोटी पिस्तुलं ९ मिमीच्या मोठ्या पिस्तुलापेक्षा ओढायला जड असतात. त्यांच्यात स्लाइडला रोखणारं कुलूप नसतं, सगळा भार स्प्रिंगवरच असतो, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते.

स्लाइड नकोच असेल तर रिव्हॉल्व्हर. भरलेलं आहे की रिकामं, हे सिलिंडर (काडतुसांचा फिरता गोल) उघडलं की एका नजरेत कळतं. पण हॅमर न चढवता ओढलं तर चाप साडेचार-पाच किलोचा जोर मागतो. हॅमर चढवून दीड-दोन किलो. पाऊण-एक किलोची वस्तू पाच किलोच्या जोरानं ओढायची आणि ती हलूही द्यायची नाही, यात सगळं आलं. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला उसळतो, तिथे बोट जाता कामा नये.

कोणतं बोअर

परवाना आणि कायदा देत असेल तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: .२२ लाँग रायफल. गोळी २.६ ग्रॅमची, धक्का ९ मिमीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि काडतुसं साधारणपणे सगळ्यात स्वस्त. ऑलिंपिकमधली २५ मीटरची पिस्तूल नेमबाजीही याच बोअरवर चालते, तेव्हा हे पोरांचं खेळणं नव्हे. याची एक खोड आहे. काडतुसाच्या कडेत पेट घेणारा मसाला असतो, त्यामुळे अधूनमधून एखादं फुसकं निघतं. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, आणि मगच ते काडतूस काढा.

त्याहून कमी खर्चात शिकायचं असेल तर १० मीटरचं एअर पिस्तूल. आमचा नफा त्यात कमी आहे, तरी सांगतो: चाप ओढायची शिस्त त्याच्याइतकी स्वस्तात कुठेच शिकता येत नाही.

बजेट कुठे संपतं

ठरवलेली सगळी रक्कम पिस्तुलावर घालू नका. निम्मी बाजूला ठेवा. त्यातून काडतुसं, कानावरचे मफ, चष्मा, कुलपाची पेटी, साफसफाईचा संच आणि काही दिवसांची शिकवणी निघाली पाहिजे. महागडं पिस्तूल आणि महिन्याला दहा काडतुसं, यापेक्षा साधं पिस्तूल आणि दर आठवड्याला सराव हजार पटीनं बरा. कानांच्या बाबतीत काटकसर नको. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि तेवढ्यानं कायमचं नुकसान व्हायला एकच फैर पुरते. बंदिस्त रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही लावा. घरी रिकाम्या पिस्तुलानं चाप ओढायचा सराव फुकट होतो, मात्र बरीच .२२ पिस्तुलं रिकामी झाडली तर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सळई) चेंबरच्या काठावर आदळते, म्हणून त्यात नकली काडतूस घाला. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत हवीत.

जुनं पिस्तूल वाईट नसतं. आम्ही स्वतः जुनी घेतो आणि विकतो. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, उघडलेल्या नळीत उजेड टाकून आतून पाहा. मध्येच गडद कडं दिसलं तर तिथे नळी फुगली आहे, ते परत ठेवा. रिव्हॉल्व्हरचा हॅमर चढवून सिलिंडर बोटानं हलवून पाहा, खुळखुळत असेल तर नको. मुठीवरचे ओरखडे, पुसट झालेला रंग यावर मात्र खुशाल भाव पाडून मागा. त्यानं नेम बिघडत नाही.

घरी पिस्तूल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. "आमची मुलं हात लावत नाहीत" हे आम्हाला सांगू नका.

विकत घेण्याआधी झाडून बघा. रेंजवर भाड्यानं मिळत असेल तर एका बैठकीत दोन-तीन वेगवेगळी पिस्तुलं, प्रत्येकी तीसेक फैरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बेचकी दुखते का, हे बघून मगच आमच्याकडे या. रेंजवर जाताना बंद गळ्याचा शर्ट आणि पायात बूट घाला. काडतुसाची उडालेली तापलेली रिकामी पुंगळी उघड्या गळ्यातून आत गेली की माणूस हातातलं पिस्तूल विसरून नाचायला लागतो. घरी परतल्यावर जेवायच्या आधी हात साबणानं स्वच्छ धुवा, बोटांवर शिसं बसलेलं असतं.