दिसणाऱ्याचं दिसणं : दृक्‌भासांची पार्श्वभूमी

२४ फेब्रुवारी १७९१. बर्लिनमधले पुस्तकविक्रेते आणि लेखक फ्रीडरिश निकोलाई सकाळी दहाच्या सुमारास घरी होते. आधीचे काही महिने दुःखात आणि कटकटींत गेले होते. अचानक दहा पावलांवर त्यांना एक मृत व्यक्ती उभी दिसली. त्यांनी बोट दाखवून पत्नीला विचारलं, तुला दिसतंय का? तिला काहीच दिसत नव्हतं. ती घाबरली, तरी तिने त्यांना जवळ घेतलं आणि डॉक्टरांना निरोप धाडला.

पुढचे जवळपास दोन महिने त्यांना माणसं, घोडे, कुत्रे, पक्षी दिसत राहिले. रंग खऱ्याहून जरा फिके. नंतर या आकृत्या बोलूही लागल्या. हे भास आहेत याचं निकोलाईंना भान होतं. २० एप्रिलला उपचार म्हणून रक्त काढायला जळवा लावल्या आणि संध्याकाळी आकृत्या फिकट होत विरून गेल्या. १७९९ मध्ये त्यांनी हा अनुभव बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. जर्मन कवी गटेने मात्र ‘फाउस्ट’ या नाटकात त्यांची टर उडवली. आपल्याला काही दिसतं हे उघड बोलायला माणसं आजही कचरतात, त्यामागे हीच भीती आहे.

भासाची काटेकोर व्याख्या फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर दोरी साप वाटणं वेगळं. दोरीच नसताना साप दिसणं, हा भास. स्किझोफ्रेनियात, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजारात, आवाज ऐकू येण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे दिसण्याबद्दल विचारायचं अनेकदा राहून जातं. तीव्र नैराश्यात आणि बायपोलर आजारातही (मनःस्थिती अतिउत्साह आणि नैराश्य यांत हेलकावणाऱ्या) भास होऊ शकतात. (उतारवयात पहिल्यांदाच काही दिसू लागलं, तर डोळे आणि मेंदूची तपासणी आधी हवी.)

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा मानसिक आजारांवर वापरात आलं आणि उपचारांचं चित्र पालटलं. तरी औषधं घेऊनही काहींचे भास पूर्ण जात नाहीत. त्या भासांसोबतच जगावं लागतं.

आपल्याकडे अशा माणसाला ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषीकडे नेलं जातं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरच्यांनी वाद घालू नये आणि खोटा होकारही देऊ नये. ‘मला दिसत नाही, पण तुला दिसतंय आणि तू घाबरलायस, हे कळतंय’ एवढं म्हणावं, सोबत बसावं. निकोलाईंच्या पत्नीने जवळपास हेच केलं होतं.

मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेली-मानस या फोन सेवेचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.