कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जुने घर घेताय? इसार देण्याआधी एवढे वाचा

खासबागेजवळच घर हवे, असे ठरवूनच येणारी बरीच मंडळी आमच्याकडे येतात. 1912 चे कुस्तीचे मैदान, शेजारी 1915 मध्ये उभे राहिलेले पॅलेस थिएटर म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह (2024 च्या आगीत ते होरपळले), जवळच जयप्रभा स्टुडिओ आणि अंबाबाईचे देऊळ चालत. ओढ वाटणारच.

पण भाग आवडला म्हणून कागद सुटत नाहीत. पेठेतल्या घरांत खरी गाठ असते ती हिश्श्यांची. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचेच नाव, एक चुलतभाऊ पुण्यात, आत्या इचलकरंजीला, आणि सौदा करायला बसलेला एकटाच पुतण्या! 2005 च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे. त्यामुळे वारस नोंद झालेली हवी आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रे हवीत. ‘त्या काही बोलणार नाहीत’ यावर पैसे देऊ नका. कार्डावर सत्ता प्रकारही, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे तेही, बघा. तिथे ‘ब’ असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते का, हे आधी तपासा. खाली जुना दुकानदार भाडेकरू असेल तर तो घराबरोबरच येतो. रिकामे करून देतो हे तोंडी आश्वासन धरू नका.

घर बघायला पावसाळ्यात या. सागवानी तुळई मधे चकचकीत दिसते. ती भिंतीत जिथे शिरते तिथे सुरीचे टोक लावून बघा. भुगा पडला तर वाळवी किंवा ओल आहे. भिंतीला खाली नुकताच रंग दिलेला असेल तर का दिला, हेही विचारा.

चारचाकी दारात लागेल का, याचे उत्तर नवरात्रात मिळते. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाने सामना मारला की रात्री गल्लीत हलगी कडाडणारच. ज्यांना ते सोसत नाही त्यांना आम्ही सरळ ताराबाई पार्क नाहीतर नागाळा पार्क दाखवतो. बंगले, झाडे, शांतता; भावही तसाच.

तिकडे मात्र पाणी बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. नागाळा पार्कच्या सखल भागात आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ते घरांत शिरले. नदी लांब आहे यावर जाऊ नका, जयंती नाला फुगतो. पूररेषेचा नकाशा बघाच, पण शेजारच्या घरी चहा घेऊन 2021 ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते, तेही विचारा.

नोंदणी फी किमतीच्या 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. राहते घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

येताना प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती आणि जुनी खरेदीखते आणा. 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध, आम्ही काढतो. कागद बघून ‘हे घर घेऊ नका’ असे सांगावे लागले तरी आमची फी तेवढीच.