केसपेपरच्या खिडकीमागचे धोरण

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत होणार, ही बातमी आली तेव्हा मुंबईत बऱ्याच जणांचा समज झाला की आता केईएम, नायर, शीव किंवा जे.जे.च्या खिडकीवर पैसे मोजावे लागणार नाहीत. तसे झाले नाही. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतल्या २,४१८ संस्थांपुरता होता. पहिली तीन रुग्णालये महापालिकेची, तर जे.जे. आणि कामा वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत शुल्क गेले आणि ज्या शहरात अख्ख्या राज्यातून रुग्ण येतात तिथल्या मोठ्या रुग्णालयांच्या खिडक्या होत्या तशाच राहिल्या. हे का झाले, याचे उत्तर त्या एका शासन निर्णयात सापडत नाही. गेली पंचाहत्तर-ऐंशी वर्षे सरकारला आरोग्यावर कोणी काय सल्ला दिला आणि त्यातला कोणता उचलला गेला, हे पाहावे लागते.

फार मागे जायचे तर १८९६ ची मांडवीतली प्लेगची साथ आहेच. तिच्यातून १८९७ चा साथरोग कायदा आला, १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ आले, लस तयार झाली. त्याआधीच, १८८८ च्या महापालिका कायद्याने शहराच्या आरोग्याचा मोठा भार पालिकेच्या अंगावर टाकला होता. पुढे नायर १९२१ मध्ये आणि केईएम १९२६ मध्ये उभे राहिले. केईएमच्या वैद्यकीय महाविद्यालयाला मोठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की तिथले अध्यापक आणि डॉक्टर भारतीयच असावेत. मुंबईची आरोग्यव्यवस्था अशी सरकारच्या एका आराखड्यातून न येता पालिका आणि देणगीदार यांच्या बळावर उभी राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण राष्ट्रीय धोरणे आखताना दिल्लीने मुंबईसारख्या शहराला बहुतेक वेळा 'त्यांचे ते बघतील' याच हिशेबात धरले.

देशाच्या आरोग्यधोरणाची खरी बैठक १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीने घातली. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणाही माणसाला पुरेसे उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तिचे पहिले सूत्र. प्रतिबंध आणि उपचार एकाच छपराखाली असावेत, हे दुसरे. सुरुवातीला ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र, पुढे टप्प्याटप्प्याने त्याहून लहान वस्तीसाठी ७५ खाटांचे रुग्णालय, अशी तिची मांडणी होती. १९५२ पासून केंद्रे उघडू लागली. इमारती झाल्या, पदे मंजूर झाली, पण ७५ खाटांचा टप्पा कधी आलाच नाही. भर ग्रामीण भागावर होता, आणि तेव्हा तो योग्यही होता. मात्र त्यामुळे शहरातल्या गरिबासाठी प्राथमिक सेवा कशी असावी हा प्रश्न दशकानुदशके कोणी हाती घेतला नाही.

तो प्रश्न पुढे आला थेट १९८० च्या दशकात. १९७८ ची अल्मा-आटाची 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा, १९८३ चे पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण, हे सगळे त्याच सुमाराचे. शहरी झोपडपट्ट्यांसाठी वस्तीतच छोटी केंद्रे असावीत, असे एका केंद्रीय समितीने सुचवले. मुंबईत १९८८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या लोकसंख्या प्रकल्पातून अशी केंद्रे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. लोक त्यांना आजही 'हेल्थ पोस्ट'च म्हणतात. पैसा कुटुंबनियोजनाच्या खात्यातून आलेला, म्हणून केंद्राचे काम लसीकरण, गरोदर बायकांची नोंद आणि कुटुंबनियोजन. औषध देणे हे पालिकेच्या दवाखान्याचे काम, आणि दवाखाना वेगळ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. कित्येक ठिकाणी दोन्ही एकाच इमारतीत. तळमजल्यावर खोकल्याचे औषध मिळते, वरच्या मजल्यावर बाळाला लस मिळते, आणि दोन्हीकडच्या रजिस्टरांचा एकमेकांशी संबंध नाही. वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका याच प्रकल्पातून आल्या. त्यांना 'स्वयंसेविका' म्हटले, मानधन दिले, आणि आपण कर्मचारी आहोत हे सिद्ध करायला त्यांना पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या आणि आझाद मैदान करावे लागले. १९४६ च्या अहवालाने एका छपराखाली आणायला सांगितलेल्या दोन गोष्टी छपराखाली आल्या, कारभारात मात्र एकत्र आल्या नाहीत.

आता शुल्काकडे येऊ. सगळ्यात जास्त वाद याच निर्णयावर झाला आणि त्याचा परिणाम सगळ्यात जास्त माणसांवर झाला.

सरकारी रुग्णालयात काही ना काही आकार घेण्याची पद्धत आधीही होती. त्याला धोरणाचा दर्जा मिळाला तो नंतर. १९८७ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांना सल्ला दिला की आरोग्यसेवेचा काही खर्च वापरणाऱ्याकडूनच वसूल करावा. १९९३ च्या बँकेच्या वार्षिक अहवालाचा विषयच आरोग्य होता. सरकारने निवडक, किफायतशीर सेवांवर खर्च एकवटावा आणि बाकीच्यासाठी विमा व खासगी क्षेत्राला वाव द्यावा, असा त्याचा सूर. १९९१ नंतर राज्यांच्या तिजोऱ्या आखडल्या होत्या. अशा वेळी कर्ज आणि सल्ला एकाच पाकिटातून आले. महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या अखेरीस आरोग्य व्यवस्था विकास प्रकल्प सुरू झाला. दुय्यम स्तरावरच्या रुग्णालयांची दुरुस्ती, यंत्रसामग्री, प्रशिक्षण ही त्याची चांगली बाजू, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. त्याच काळात शुल्काचे दर वाढले आणि जमा झालेली रक्कम रुग्णालयाने स्वतःकडे ठेवून खर्च करावी, असे ठरले. २००२ च्या राष्ट्रीय धोरणाने तर ज्यांना परवडते त्यांच्याकडून काही सेवांसाठी वाजवी शुल्क घेणे व्यवहार्य गरज असल्याचे मान्य करून टाकले.

शुल्काच्या बाजूने युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. माणूस खासगी डॉक्टरकडे याहून कितीतरी पट पैसे देतोच. मग सरकारी रुग्णालयात दहा-वीस रुपये दिल्याने बिघडते काय? त्या पैशातून रुग्णालयाला दुरुस्त्या, किरकोळ खरेदी मंत्रालयाकडे हात न पसरता करता येईल. शिवाय दारिद्र्यरेषेखालच्यांना सूट आहेच.

अडचण त्या 'सूट आहेच' मध्ये होती. १ मे १९९९ पासून राज्यात शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या. पिवळे कार्ड मिळवायला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला साडेबाराशे. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून, दोन वेळा जेवून, साडेबाराशेत महिना काढणारे कुटुंब कसे असेल याचा विचार ती रेषा आखणाऱ्यांनी केला होता असे दिसत नाही. जो खरोखर गरीब तो बहुधा परगावचा. त्याचे कार्ड गावी, नाहीतर नावच नाही. मग खिडकीवरून त्याला समाजसेवा विभागाकडे पाठवायचे. तिथे रांग, चौकशी, सहीशिक्का, आणि पुन्हा त्याच खिडकीच्या रांगेत. रोजंदारीवर असलेल्याचा एक खाडा इथेच पडतो. केसपेपर दहा रुपयांचा असतो, पण त्यानंतर एक्स-रेचे वेगळे, रक्ततपासणीचे वेगळे, सोनोग्राफीची तारीख लांबची म्हणून ती बाहेरून, आणि औषध संपले म्हणून चिठ्ठी समोरच्या दुकानाची. खिडकीवरच्या दहा रुपयांनी कोणी कर्जबाजारी झाले नसेल. पण पैसे घेणे हा नियम झाला आणि फुकट मिळणे हा अपवाद झाला, की रुग्णाला आपली गरिबी दर वेळी दर टेबलावर नव्याने दाखवावी लागते. १९४६ चे सूत्र इथे उलटे झाले.

आणि मिळाले काय? या शुल्कातून जमणारी रक्कम रुग्णालयांच्या एकूण खर्चाच्या मानाने फार थोडी राहिली. २०१० मध्ये केंद्राने सर्वांसाठी आरोग्यसेवेचा आराखडा करायला तज्ज्ञगट नेमला. त्याने २०११ च्या अहवालात स्पष्ट सांगितले की कोणत्याही स्वरूपाचे शुल्क घेऊ नये, खर्च मुख्यतः करातून भागवावा, आणि सेवा विकत घेण्याचे काम विमा कंपन्यांवर सोपवू नये. सरकारी खर्च २०२२ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान ३ टक्क्यांवर न्यावा, असेही सांगितले. त्यानंतर २०१३ मध्ये खुद्द जागतिक बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी जिनिव्हात, उपचाराच्या वेळी घेतले जाणारे शुल्क अनावश्यक आणि अन्यायकारक असल्याचे जाहीरपणे म्हटले. ज्या घरातून सल्ला निघाला त्याच घरातून तो मागे घेतला गेला. राज्यातल्या आणि पालिकेच्या खिडक्यांवर मात्र तो पुढे दहा वर्षे जसाच्या तसा चालू राहिला. नवा सल्ला आला म्हणून जुना आपोआप रद्द होत नाही. तो दरपत्रकात, पावतीपुस्तकात आणि लेखापरीक्षणात शिरलेला असतो.

राज्याने निवडले ते नेमके या तज्ज्ञगटाने टाळायला सांगितलेले. २ जुलै २०१२ पासून मुंबई शहर आणि उपनगरासह आठ जिल्ह्यांत विम्याची योजना आली: पिवळ्या आणि केशरी कार्डाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण, ९७२ प्रकारचे उपचार. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदलले, २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची योजना तिच्या जोडीला आली. हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा उपचार यातून झालेले हजारो लोक आहेत आणि त्यांच्यासाठी ही योजना देवासारखी धावून आली, हे खरे. पण ती मुख्यतः दाखल होणाऱ्यासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात महिन्याच्या महिन्याला येणारी मधुमेहाची बाई, उच्च रक्तदाबाचा टॅक्सीवाला, खोकला घेऊन फिरणारा जरीकामाचा पोरगा, यांच्यापर्यंत ती पोचत नाही. २०१५ च्या धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हक्काच्या कायद्याचा विचार होता. २०१७ च्या अंतिम धोरणात हक्क गेला आणि टप्प्याटप्प्याने 'आश्वासन' आले. खर्च २.५ टक्क्यांवर न्यायची मुदत २०२५ ठरली. २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्ये मिळून खर्च होता १.८४ टक्के. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो ३९ वर आला असे सरकारी हिशेब सांगतात. ही घट मोठी आहे, तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये आजारी माणूसच भरतो.

धर्मादाय रुग्णालयांचेही थोडक्यात सांगायला हवे. १९८५ मध्ये विश्वस्त कायद्यात कलम घालून दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, हे बंधन आले. ते कसे पाळायचे याची योजना ठरायला २००६ उजाडले, तेही उच्च न्यायालयाने लक्ष घातले म्हणून. म्हणजे कायदा आणि अंमलबजावणी यांच्यात एकवीस वर्षे.

२०२० मध्ये साथ आली तेव्हा मार्चमध्ये राज्याने तोच १८९७ चा कायदा वापरला. मे महिन्यात खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर सरकारने ठरवून दिले. पालिकेने चोवीस वॉर्डांत वॉर रूम उभ्या केल्या आणि खाट कोणाला मिळणार हे तिथून ठरू लागले. शिफारशींत वर्षानुवर्षे अशक्य मानलेली गोष्ट काही आठवड्यांत झाली. धारावीत दारोदार फिरल्या त्या याच मानधनावरच्या आरोग्यसेविका. साथ ओसरली, दरनियंत्रण संपले, खाटांचे वाटप पुन्हा ज्याच्या त्याच्या खिशावर आले.

नोव्हेंबर २०२२ पासून पालिकेने 'आपला दवाखाना' सुरू केला. सकाळी सात ते दुपारी दोन आणि तीन ते रात्री दहा अशा वेळा ठेवल्या, म्हणजे कामावरून सुटलेल्या माणसालाही डॉक्टर भेटावा. तपासणी मोफत, औषध मोफत. जुन्या पालिका दवाखान्याला दुपारी चारला कुलूप लागते, त्यामुळे या वेळांची किंमत चाळीत राहणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. पण नवी केंद्रे आली ती जुने दवाखाने आणि हेल्थ पोस्ट यांच्या शेजारी. तिन्ही एकत्र करून नव्हे.

आणि मग ऑगस्ट २०२३. राज्याने आपल्या एका विभागापुरते शुल्क माफ केले. पालिकेच्या रुग्णालयांतले दर ठरवणे पालिकेच्या हातात आणि त्यावर चर्चा व्हायची जागा म्हणजे तिचे सभागृह. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे गेला होता. राज्याने सोडलेला आकार केईएम, नायर आणि शीवमध्ये का घ्यायचा, हा प्रश्न विचारायला निवडून आलेला एकही नगरसेवक त्या दिवशी तिथे नव्हता.