निळ्या खोक्यातली इंजिनं

जुन्या मॉडेल रेल्वेच्या बाजारात दोन स्वस्त इंजिनं अनेकदा शेजारी पडलेली असतात. दोन्ही एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणाची, 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर धावणारी. उचलून बघितलं तर एक विटेसारखं जड, दुसरं रिकाम्या काडेपेटीसारखं. किंमत मात्र जवळपास तीच. हे कोडं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत सुटतं.

कॅलिफोर्नियातल्या आयर्विन अ‍ॅथर्न यांनी 1950 च्या दशकात प्लास्टिकच्या कवचाची स्वस्त डिझेल इंजिनं आणली. सुरुवातीच्या काही इंजिनांची चाकं चक्क रबर बँडने फिरायची, आणि ती सुटली की सुसाट! पुढे दातेरी चक्रांची रचना रुळली. मध्यभागी मोटर, तिच्या दोन्ही टोकांना वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी चक्र फिरवणारा गिअर, सगळी चाकं ओढणारी आणि खाली धातूचं वजन. मोटर मावावी म्हणून काही इंजिनांची अंगं खऱ्यापेक्षा रुंद झाली, चालताना घरघरही चांगलीच यायची. पण डबे ओढायला कुरकुर नाही. ही इंजिनं निळ्या खोक्यात सुट्या भागांनी यायची, म्हणून त्यांची ओळखच ‘ब्लू बॉक्स’ झाली.

खेळण्यांच्या दुकानांसाठीच्या संचांचं गणित वेगळं होतं. टायको, बाखमन, लाइफ-लाइक या कंपन्यांच्या त्या काळच्या स्वस्त इंजिनांत बहुधा एकाच टोकाच्या चाकांवर चपटी मोटर बसवलेली असे आणि पकडीसाठी चाकांना रबरी कडी. ती कडी वाळली की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. हातातलं इंजिन कुठल्या जातीचं ते ओळखायला ते उलटं करून चाक बोटाने फिरवा. वर्म गिअर असेल तर ते हलत नाही. सहज फिरलं तर दुसऱ्या जातीचं किंवा गिअर तुटलेलं समजा.

महाग म्हणजे टिकाऊ, असंही नाही. 1990 च्या दशकातल्या, तेव्हा उंची गणल्या गेलेल्या काही इंजिनांचे आसावरचे प्लास्टिक गिअर आज तडकलेले सापडतात. महायुद्धापूर्वीच्या काही इंजिनांत तर जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळल्याने सांगाडाच फुगून भुगा होतो.

निळ्या खोक्यातली इंजिनं एवढी खपली की संग्राहकाला त्यांचं अप्रूप नाही. भाव खाली राहिला तो यामुळे, दर्जामुळे नव्हे. एक काम मात्र वाढतं. 1990 च्या दशकात डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे आदेश देण्याची डिजिटल पद्धत, आली आणि मोटर सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने वेगळी असणं आवश्यक ठरलं. ब्लू बॉक्समध्ये मोटरच्या खालच्या ब्रशची, म्हणजे मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्याची, पट्टी थेट सांगाड्याला टेकलेली असते. तिथून वायर वेगळी काढायची, खाली इन्सुलेशनची टेप लावायची, आणि मगच ते आदेश वाचून मोटर चालवणारा डिकोडर जोडायचा. टेप विसरलात तर वीज देताच डिकोडर जळू शकतो, आणि तो बहुतेक वेळा इंजिनाहून महाग असतो.